जगाचे पेटंट आणि पाव किलो पेढे

ऐन नवरात्राच्या धामधुमीत आमचे भाचेबुवा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले. चेहरा असा फुललेला, की आम्हाला वाटले, लग्न ठरले! पण छे! "मामा, जगाचे पेटंट मिळाले!"

भाचेबुवांचा भोसरीला कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन लेथ आणि तीन माणसे. आमच्या ताईच्या मनगटांना संधिवाताने धरले आणि दिवाळीत तिला सोऱ्या दाबणे जमेना. तेव्हा या मुलाने दातेरी चाकांचा असा सोऱ्या बनवला, की लहान पोरानेही चकली पाडावी. वस्तू नामी आहे. सासरच्या माणसांचे सहसा कौतुक न करणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनीही ती पसंत केली, यात सर्व आले.

पेढा तोंडात टाकून आम्ही कागद हाती घेतला. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा तो कागद. वर ठसठशीत क्रमांक. पण पेटंट दिल्याचे वाक्य कोठेही नाही. नसणारच! साऱ्या जगाला चालेल असे पेटंट अस्तित्वातच नाही. आम्ही हे सांगितले, तेव्हा भाचेबुवांचा पेढ्याकडे निघालेला हात मध्येच थांबला.

वाचकहो, पुष्कळांचा हा गैरसमज असतो. 1970 साली वॉशिंग्टनला पेटंट सहकार करार झाला, 1978 पासून त्याखाली अर्ज घेऊ लागले आणि 7 डिसेंबर 1998 ला भारत त्यात सामील झाला. आज दीडशेहून अधिक देश त्यात आहेत. एकच अर्ज, एकाच भाषेत, आपल्याच पेटंट कार्यालयात द्यायचा. पण हे वधूवर सूचक मंडळासारखे आहे. नाव एकदा नोंदवले की ते सगळ्या घरी पोचते. मुलगी पाहायची आणि होकार-नकार द्यायचा तो मात्र ज्याच्या त्याच्या घरी.

मग मिळते काय? मुदत! पहिला अर्ज भारतात केल्यापासून बारा महिन्यांत हा आंतरराष्ट्रीय अर्ज केला, की पहिल्या अर्जाची तारीख टिकते. अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. भाचेबुवांनी पहिला अर्ज गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास केला होता, म्हणजे पेढे प्रसिद्धीचे होते. बहुतेक देशांत स्वतंत्रपणे शिरायला तीस महिने मिळतात, भारतात एकतीस. त्यांच्या हाती आता पुढच्या नवरात्रापर्यंतचाच काळ उरला होता.

एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली होती. अर्जाआधी सोऱ्या कोणत्याही प्रदर्शनात मांडला नव्हता. आधी जगाला दाखवले की नावीन्य गेले, असे पुष्कळ देशांचे कायदे सांगतात. 1873 च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात कल्पना चोरीला जाईल या धास्तीने कित्येक परदेशी संशोधक आपली यंत्रे मांडायलाच तयार नव्हते. पुढे 1883 चा पॅरिस करार झाला आणि ती बारा महिन्यांची सवलत त्यातूनच आली.

"शोध अहवाल वाचलास का?" आम्ही विचारले. भाचेबुवा खाली पाहू लागले. प्रसिद्ध अर्जालाच जोडलेला तो अहवाल त्यांनी उघडलाच नव्हता! दहा दाव्यांपैकी पहिल्या चारांपुढे 'एक्स' हे अक्षर होते. म्हणजे जुना एकच दस्तऐवज तेवढे दावे पाडायला पुरे. तो एका जुन्या जर्मन पेटंटाचा होता. उरलेल्या सहांपुढे 'ए', म्हणजे केवळ पार्श्वभूमी. ती सहा कलमे चाकांच्या जोडणीची होती. खरी करामत तीच, असे आमचे मत. देशोदेशी अर्ज नेताना दावे सुधारता येतात. तेव्हा रडण्याचे कारण नव्हते.

कारण होते ते दुसरेच. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जपान असे पाच देश त्यांनी मनाशी धरले होते. प्रत्येक ठिकाणची फी वेगळी, तिथला वकील वेगळा, जपानला तर सबंध अर्जाचे जपानी भाषांतर. आणि पेटंट मिळाल्यावरही ते जिवंत ठेवायला पुन्हा फी. युरोपात 1 जून 2023 पासून अनेक देशांना मिळून एकच पेटंट घेता येते खरे, पण त्यात ब्रिटन नाही. एवढा पैसा कोठून आणणार, असे विचारताच हळूच उत्तर आले, "आईच्या पाटल्या..."

आम्ही सरळ ताईला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले. पाटल्यांबद्दल अवाक्षर काढले नाही.

"जपानात चकल्या कोण करतं रे?" एवढेच तिने विचारले.

भाचेबुवांनी खिशातले पेन काढून पेढ्यांच्या पुड्यावरच देशांची नावे लिहिली आणि एकेक खोडायला सुरुवात केली. रात्री जेवायला बसेपर्यंत दोन उरली होती.