पाण्याखालीही देश तसा वेश

भंडारदऱ्याच्या आर्थर लेकमध्ये एखादा प्रशिक्षित डायव्हर पाठीला सिलिंडर बांधून उतरायचं म्हणाला, तर मालवणच्या समुद्रात पाठ केलेलं गणित त्याला इथे उपयोगी पडणार नाही. हा जलाशय समुद्रसपाटीपासून साधारण 740 मीटर उंचीवर आहे. डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्था 300 मीटरच्या वरचं कुठलंही पाणी उंचावरचं पाणी मानतात. तिथे हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे खाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर येताना समुद्रापेक्षा लवकर बुडबुडे धरू शकतो. किती खोल जायचं, किती वेळ थांबायचं, हे सगळं नव्याने मोजावं लागतं. शिवाय पाणी गोडं. खाऱ्या पाण्यात बुडायला कमरेला जेवढं शिसं लागतं, तेवढंच इथे बांधलं तर माणूस नको इतका खाली ओढला जातो. माणूस तोच, टाकी तीच, सर्टिफिकेटही तेच. पण पाणी बदललं आणि नियम बदलला.

आर्थर लेक हे काही स्कूबाचं ठिकाण नव्हे आणि तसं ते व्हावं असंही नाही. पण सह्याद्रीची ही उंची किनाऱ्यावर डुबकी मारून घरी परतणाऱ्या प्रत्येक घाटमाथ्यावरच्या माणसाच्या कामाची आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा, की एकदाच डुबकी मारली असेल तर विमानात बसण्याआधी किमान 12 तास आणि लागोपाठ अनेक डुबक्या मारल्या असतील तर किमान 18 तास जाऊ द्यावेत. विमानाच्या केबिनमधला दाब ज्या उंचीइतका धरून हा सल्ला दिला आहे, ती सुमारे 600 मीटरपासून सुरू होते. आंबोलीचा घाटमाथा याच पट्ट्यात येतो, भंडारदरा येतं, 1646 मीटरचं कळसूबाई तर येतंच. तारकर्लीत सात-आठ मीटरवर एकदा मासे पाहून आलेल्या पर्यटकाला यातून फारसा धोका नाही. पण दोन दिवस खोल डुबक्या मारून त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावणाऱ्याने हा हिशेब करायलाच हवा.

हे मुद्दाम आधी सांगायचं कारण असं, की परदेशातल्या स्कूबाच्या नियमांविषयी आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. तिथले नियम म्हणजे पर्यटकाकडून पैसे काढायची युक्ती, नाहीतर गोऱ्या साहेबाची हौस, असं अनेकांना वाटतं. मालदीव, थायलंड, बाली, इजिप्त अशा सहलींना निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत मास्क असतो, फिन्स असतात, पाण्याखालचा कॅमेरा असतो. ज्या देशात उतरायचं त्या देशाने यातल्या कशाला मनाई केली आहे, हे मात्र त्याला बहुधा बोटीवर पोचल्यावर कळतं, आणि तेव्हा वाद सुरू होतो.

हातमोज्यांचंच घ्या. अनेक ठिकाणी थंडीपासून आणि खरचटण्यापासून बचाव म्हणून ते बिनदिक्कत वापरले जातात. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाच्या सागरी उद्यानात मात्र ते घालायला बंदी आहे. इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात हातमोजे आणि सुरी दोन्ही चालत नाहीत. कारण साधं आहे. उघडा हात प्रवाळाला लावताना माणूस दोनदा विचार करतो, मोजा घातलेला हात सरळ पकडतो. प्रवाळ दगडासारखं दिसत असलं तरी ते जिवंत आहे आणि काही जातींची वाढ वर्षाला सेंटिमीटरभरही नसते. एका पकडीत तुटलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. याच बोनेअरमध्ये नवा पाहुणा कितीही अनुभवी असो, पहिली डुबकी ओळखीची आणि तपासणीची असते. ती झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. शेकडो डुबक्यांची नोंदवही दाखवून त्यातून सूट मागणं म्हणजे त्या पाण्याचा अपमान आहे.

सनस्क्रीनचीही तीच गोष्ट. पालाऊ या चिमुकल्या देशाने प्रवाळाला मारक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर 1 जानेवारी 2020 पासून बंदी घातली. थायलंडने 2021 मध्ये आपल्या राष्ट्रीय उद्यानांत अशा चार रसायनांना मनाई केली, आणि दंड एक लाख बाटपर्यंत ठेवला. मुंबईच्या दुकानातून सहज उचललेल्या ट्यूबमध्ये यांपैकी ऑक्सिबेन्झोन आहे की नाही, हे पाठीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय समजत नाही. मालदीवमध्ये हौशी डायव्हरला 30 मीटरच्या खाली जाता येत नाही, मग त्याचं प्रशिक्षण 40 मीटरचं का असेना. मासे मारायची स्पिअर गन तर त्या देशात नेताच येत नाही. ड्रोन विनापरवाना इजिप्तला नेला तर तो विमानतळावरच जप्त होतो. आइसलँडच्या थिंगवेल्लिर उद्यानातल्या सिल्फ्रा या गोड्या पाण्याच्या भेगेत तापमान दोन ते चार अंश असतं. तिथे ड्रायसूट सक्तीचा आहे, तो वापरण्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि 18 मीटरची मर्यादा ओलांडता येत नाही.

सुरक्षेचे काही नियम तर कुणाच्या तरी मरणातून आले आहेत. जानेवारी 1998 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्याखाली असतानाच त्यांची बोट किनाऱ्याकडे निघून गेली. बोटीवर सगळे परत आले असं मोजणाऱ्यांना वाटलं होतं. दोघे मागे राहिले हे लक्षात यायला दोन दिवस लागले आणि ते कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये डोकी मोजण्याचे नियम कडक झाले. आज तिथे बोट हलण्याआधी पुन्हा पुन्हा नाव विचारतात, सही घेतात, तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. त्या फॉर्मवर दमा किंवा रक्तदाब लपवणारा पर्यटक स्वतःला तर धोक्यात घालतोच, आणि त्याला वर काढायला जाणाऱ्यालाही.

उलट बाजूनेही हे पाहायला हवं. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका पर्यटक महिलेला पोलिसांनी ताब्यात घेतलं. तिच्याजवळ डोंगरात, समुद्रात अडकल्यावर मदत मागण्यासाठीचं गार्मिन कंपनीचं उपग्रह-संदेश यंत्र होतं. तिच्या देशात ते खेळाच्या दुकानात मिळतं. भारतात 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली ते परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. 26/11 च्या हल्लेखोरांनी सॅटेलाइट फोन वापरले होते, त्यामुळे मुंबईकराला या बंदीचं कारण समजावून सांगावं लागत नाही. त्या महिलेचा हेतू चांगलाच होता, तरी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. 'आमच्याकडे चालतं' हे उत्तर आपण गोव्यात ऐकून घेतलं नाही, तर इजिप्तच्या शर्म अल शेखमध्ये किंवा मालदीवच्या मालेला ते आपल्या तोंडून कुणी का ऐकून घ्यावं?

परत येतानाचा कायदा तर आपलाच आहे. प्रवाळ 2001 पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला म्हणून उचललेला पांढरा तुकडा शोकेसमध्ये ठेवायला आणणं ही आठवण नव्हे, तो गुन्हा आहे. महागडा कॅमेरा, डाइव्ह कॉम्प्युटर बरोबर नेणाऱ्यांनी जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावं, नाहीतर परतताना त्यावर कर मागितला जाऊ शकतो. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकता येत नाहीत, त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. सिलिंडरची जोडणी युरोपात बहुतेक ठिकाणी डिन (DIN) पद्धतीची, आपल्याकडे योक पद्धतीची. अडॅप्टर नसेल तर स्वतःचा रेग्युलेटर नेऊन उपयोग नाही. दाबाचा काटा कुठे बारमध्ये, कुठे पीएसआयमध्ये असतो. 200 बार म्हणजे सुमारे 2900 पीएसआय, हे पाण्याखाली आठवत बसण्याची वेळ येऊ नये.

आता पुन्हा भंडारदऱ्याच्या अकोले तालुक्यात येऊ, कारण परक्या पाण्याचा सगळ्यात कठोर धडा याच खोऱ्याने दिला आहे. मे 2024 मध्ये प्रवरेच्या पात्रात सुगाव इथे दोन तरुण बुडाले. त्यांच्या शोधासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून आली. 23 मे रोजी बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात तिची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. ते प्रशिक्षित होते, कर्तव्यावर होते आणि दुसऱ्यांच्या लेकरांसाठी पाण्यात उतरले होते. त्यांच्याविषयी आदराशिवाय दुसरा शब्द निघणार नाही. पण यातून एक गोष्ट उरतेच. प्रवरा हे धरणांनी बांधलेलं पाणी आहे. 1926 साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण, त्याखाली निळवंडे, त्याखाली बंधाऱ्यांची रांग. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की काल गुडघाभर असलेलं पात्र आज माणूस ओढून नेतं. काठावरच्या शेंडी, रतनवाडी, सुगाव या गावांतला माणूस हे लहानपणापासून जाणतो. बाहेरून आलेल्याला ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि त्याने ते ऐकावं लागतं. त्याच आठवड्यात, 21 मे रोजी, उजनीच्या जलाशयात वादळात बोट उलटून सहा जण गेले. त्याआधी दोन वर्षं, 24 मे 2022 ला, तारकर्लीत स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. डुबकी संपली होती, किनारा दिसत होता.

आर्थर लेकच्या काठावर उन्हाळ्यात दर शनिवारी तंबू पडतात. जलाशयात उतरू नका असं सांगितलं तरी उतरतात, लाइफ जॅकेट फोटोपुरतं गळ्यात घालतात. मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणाऱ्यांना वनविभाग टॉर्च, हेडलाइट बंद ठेवायला सांगतो, कारण काजव्यांचा उजेड हा त्यांच्या जोडीदाराला दिलेला इशारा असतो आणि आपल्या झोताने तो पुसला जातो. तरीही मोबाइलचे दिवे लागतातच. हा परिसर 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. आपल्याच अभयारण्यात टॉर्च बंद न करणारा माणूस रास मोहम्मदला हातमोजे काढेल, अशी आशा धरवत नाही. सवय एकच असते, ती इथून तिथे बरोबर जाते.

म्हणून मागणी दोन ठिकाणी करायला हवी. पुणे, नाशिक, मुंबईतून स्कूबाच्या परदेशी सहली नेणाऱ्या कंपन्यांनी पैसे घेण्याआधी त्या देशाचे नियम मराठीत लिहून प्रवाशाच्या हातात द्यावेत: कोणतं साहित्य चालतं, कोणतं चालत नाही, खोलीची मर्यादा किती, सनस्क्रीन कोणतं, विमानापूर्वी किती तास थांबायचं आणि सर्वांत जवळचं रीकंप्रेशन चेंबर कुठे आहे. बोटीवरचा स्थानिक डाइव्हमास्टर नाही म्हणाला तर पैसे परत मिळणार नाहीत, हेही त्यात स्पष्ट असावं, म्हणजे त्याच्याशी हुज्जत घालायचं कारण उरणार नाही. दुसरी मागणी राज्य सरकारकडे. महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं. त्यात पाण्यावरच्या उपक्रमांची नोंदणी सक्तीची आहे. भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी ही नोंदणी कोणाकडे आहे याचा फलक प्रत्येक बोटीच्या धक्क्यावर लागला पाहिजे, आवर्तनाच्या तारखा त्याच फलकावर लिहिल्या पाहिजेत, आणि त्या लिहिण्याचं, सांगण्याचं काम गावातल्याच तरुणांना पगारी मिळालं पाहिजे.

आणि या दिवाळीत परदेशी समुद्रात उतरणार असाल, तर तिकिटाच्या आधी त्या देशाच्या सागरी उद्यानाचे नियम वाचा. त्यात न बसणारी वस्तू बॅगेतून काढून घरी ठेवा. तिथल्या डाइव्हमास्टरने हात वर करून थांबा म्हटलं, तर थांबा.