मनोऱ्याआधी मुख्यालय

नाशिक शहराच्या मध्यवस्तीत एखाद्या मोठ्या उद्योगसमूहाच्या मुख्य कचेरीचा तीस-चाळीस मजली मनोरा उभा राहावा, अशी आशा अलीकडे येथील तरुण अभियंत्यांच्या आणि व्यापारी-उद्योजकांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येते. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहराकडे योजनांचा व पैशाचा ओघ वळला आहे. गंगापूर रस्त्याच्या आजूबाजूस अधिकाधिक उंचीच्या इमारती उठत आहेत. मुंबई पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. अशा वेळी आपल्या पदरात याहून काही मोठे पडावे, असे शहराने मनात आणले तर त्यात उपहास करण्याजोगे काही नाही. ज्या शहराला स्वतःविषयी आकांक्षा नसते ते वाढत नाही, नुसते फुगते. म्हणून या आशेचा आम्ही आदर करतो. आणि आदर करतो म्हणूनच तिची परीक्षा घेणे हे आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या पिढीतील पुष्कळांना ही कल्पनाच रुचत नाही. गोदाघाट, काळाराम, सुंदरनारायण, जुने वाडे आणि थंड हवा यांचे हे गाव. त्याने मुंबईची नक्कल कशासाठी करावी, असे ते विचारतात. या भावनेत जिव्हाळा आहे, परंतु युक्तिवाद नाही. उंच इमारती येऊ द्याव्यात की नाहीत, हा प्रश्न आता मोकळा उरलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातील बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि उंच बांधकामाची वाट रुंदावली. त्या वाटेने राहत्या घरांचे मनोरे येऊन पोचलेच आहेत. तेव्हा वाद घालावयाचा तो उंचीविषयी नव्हे, त्या उंचीच्या आत काय नांदावे याविषयी. राहती घरे शहराची वस्ती वाढवितात. मुख्य कचेरी शहराचा अधिकार वाढविते. या दोहोंतील भेद ध्यानात न घेता केवळ मजल्यांची संख्या मोजणे हे भाबडेपणाचे होईल.

कारखाना असणे आणि मुख्यालय असणे यांतील अंतर नाशिककरास कोणी निराळे शिकविण्याची गरज नाही. तो रोज त्याला वळसा घालून कामावर जातो. येथील एका चौकाला ‘मायको सर्कल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘एबीबी सर्कल’. ज्या दोन कंपन्यांवरून ही नावे पडली त्या दोहोंची मुख्य कचेरी बंगळूरला. साठीच्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना आला. मिग, सुखोई आणि २०२५ साली तेजस अशी विमाने तेथून आकाशात गेली. त्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची मुख्य कचेरीही बंगळूरलाच. महिंद्रच्या मोटारी आणि सिएटचे टायर येथे तयार होतात, त्यांचा कारभार मुंबईहून चालतो. नोटा नाशिकरोडला छापल्या जातात. परंतु २००६ मध्ये सरकारी मुद्रणालयांसाठी जे महामंडळ स्थापन झाले त्याचे ठाणे दिल्लीस. देशाच्या खिशातील नोट आणि देशाच्या सीमेवरील विमान यांस आमच्या गावचे हात लागलेले असतात. किती नोटा छापावयाच्या आणि किती विमाने बांधावयाची, हे ठरविणारे हात मात्र दुसरीकडे असतात.

या कारखान्यांनी नाशिक घडविले, हे आम्ही विसरत नाही. सातपूर व अंबड येथील वसाहती नसत्या तर जिल्ह्यातील हजारो घरांत चूल पेटली नसती. पण उपकाराची जाणीव ठेवूनही उणीव सांगता येते. मंदी आली म्हणजे कोणत्या गावची दुसरी पाळी बंद करावयाची हे एका कागदावर ठरते, आणि तो कागद जेथे लिहिला जातो तेथून सातपूरच्या कामगाराचा चेहरा दिसत नाही. सुट्या भागांचा पुरवठा करणारा अंबडचा लहान कारखानदार आपल्या दाराशी असलेल्या कारखान्यासाठी माल करतो, पण दर ठरविण्यास त्याला परगावी जावे लागते. हिशेबतपासनीस, कायद्याचे सल्लागार, जाहिरातीची कामे करणारे, नवे आराखडे काढणारे हे सारे लोक मुख्य कचेरीच्या छायेत वाढतात. ती छाया येथे पडत नाही.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत शिकवीत होतो. त्या वेळच्या वर्गांतील मुले आज चाळिशीत आहेत. त्यांपैकी ज्यांच्या हातांत कसब होते ती येथील कारखान्यांत लागली व येथेच राहिली. ज्यांना हिशेबात, कायद्यात किंवा संशोधनात गती होती ती बहुतेक पुणे, मुंबई, बंगळूर येथे गेली. दिवाळीत घरी आली म्हणजे भेटावयास येतात आणि म्हणतात, ‘सर, परत यावेसे फार वाटते; पण येथे येऊन करू काय?’ या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नसते. मनोऱ्याची आशा करणाऱ्या तरुणांच्या मनात हाच प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. त्यांना काच आणि पोलाद नको आहे. त्यांना गावात राहून मोठे काम करावयाचे आहे.

नाशिकला मुख्यालयाचे भाग्य कधी लाभलेच नाही, असेही नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली मुंबईत पहिला चित्रपट दाखविला खरा, पण त्यानंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला, आणि १९१८ च्या सुमारास हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी येथेच उभी राहिली. एका नव्या धंद्याचे डोके त्या काळी या शहरात होते. पुढे तो धंदा मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथे फोफावला; नाशिककडे फाळक्यांचे स्मारक तेवढे राहिले. मुख्यालय मिळणे ही एक गोष्ट आणि ते टिकविणे ही दुसरी, एवढा बोध त्यातून घ्यावयास हवा.

आजही या शहरात राज्यव्यापी मुख्यालये आहेत, याचा आम्हांस विसर पडतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली येथे स्थापन झाले. राज्यातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांतील परीक्षांचा निकाल नाशिकहून लागतो. आदिवासी विकास आयुक्तालयाची कचेरी येथे आहे, म्हणून नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आश्रमशाळांचे प्रश्न घेऊन लोक नाशिकला येतात. खाजगी क्षेत्रातही अशी उदाहरणे आहेत. संगणकांवरील माहिती साठविण्याचा व्यवसाय करणारी ईएसडीएस ही कंपनी २००५ पासून सातपूरला वाढली. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने आपले ठाणे केले आणि तेथून द्राक्षे परदेशी पाठविली. यांपैकी एकीचीही ख्याती तिच्या इमारतीच्या उंचीमुळे झालेली नाही. निर्णय येथे होतात, एवढ्यावरच त्या मुख्यालय ठरल्या.

याच्या उलट, इमारत आधी आणि रहिवासी मागून या क्रमाचा अनुभवही आपल्या गाठीस आहे. अंबडच्या वसाहतीत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठी म्हणून बांधलेली इमारत वर्षानुवर्षे जवळजवळ ओस पडून राहिली. भिंती होत्या, छप्पर होते. ज्यांच्यासाठी खटाटोप केला ते आले नाहीत. बडा घर पोकळ वासा, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उंच इमारती न पाहताच केली. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशालाही तिचा प्रत्यय आला. न्यूयॉर्क येथील १०२ मजली एम्पायर स्टेट इमारत १९३१ मध्ये मंदीच्या ऐन भरात खुली झाली, आणि पुढली कित्येक वर्षे तिचा मोठा भाग भाडेकरूंवाचून राहिला. लोक थट्टेने तिला रिकामी इमारत म्हणू लागले. शिकागो येथे सीअर्स कंपनीने १९७३ साली ११० मजल्यांचा, त्या काळी जगात सर्वांत उंच असा मनोरा पुरा केला. वीस वर्षे होतात न होतात तोच कंपनी तो सोडून उपनगरात गेली, आणि २००९ मध्ये मनोऱ्यावरील तिचे नावही गेले.

इतके दूर तरी कशास जावे? मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १९७४ मध्ये उभी राहिली, तेव्हा समुद्राकाठची ती वास्तू साऱ्या देशाच्या अभिमानाचा विषय झाली होती. २०१३ साली मुख्यालय दिल्लीस गेले. पुढे कंपनी एका मालकाची झाली आणि इमारत सरकारच्याच हाती राहिली. शेवटी महाराष्ट्र सरकारने १६०१ कोटी रुपयांस ती घेण्याचे ठरविले आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने त्यास संमती दिली. इमारत जेथल्या तेथे आहे. तिच्यातून उठून गेला तो अधिकार. मुंबईसारख्या शहराला असा घाव सोसता येतो. नाशिकच्या मध्यवस्तीत असा एक मनोरा ओस पडला तर त्याची सावली पिढीभर गावावर राहील.

जागेचा विचारही येथे केला पाहिजे. मध्यवस्ती म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून शालिमार, मेनरोड, रविवार कारंजा येथपर्यंतचा भाग, असे आपण समजतो. त्याच्या एका अंगास गोदावरी आहे. २००८ व २०१६ च्या पुरांत सराफ बाजारातून पाणी कसे वाहिले हे ज्यांनी पाहिले त्यांस पूररेषेचे महत्त्व सांगावयास नको. दुसऱ्या अंगास जुने नाशिक आहे. तेथील वाड्यांच्या भिंती दर पावसाळ्यात कोसळतात आणि त्यांतील भाडेकरू जीव मुठीत धरून राहतात. देवळाली, गांधीनगर व ओझर येथील संरक्षण खात्याच्या क्षेत्रांमुळे उंचीलाही मर्यादा पडतात. अशा ठिकाणी हजार-दोन हजार माणसे एका दारातून आत जाऊ लागली, तर त्यांची वाहने कोठे थांबणार, पाणी कोठून येणार, वरच्या मजल्यास आग लागल्यास अग्निशामक दलाची शिडी तेथवर पोचणार काय, या प्रश्नांची उत्तरे पायाभरणीपूर्वी मिळाली पाहिजेत. ही उत्तरे देता येणार नाहीत असे आमचे म्हणणे नाही. उलट, अशा एका प्रकल्पाच्या निमित्ताने सभोवारच्या वाड्यांचे रीतसर पुनर्वसन झाले, रस्त्याकडील तळमजला लोकांसाठी खुला राहिला आणि बसने येणाऱ्यांची सोय आधी पाहिली गेली, तर मध्यवस्तीला तिचा जुना मान परत मिळेल.

अखेरीस काळाचा प्रश्न. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि मुंबईचा प्रवास कमी वेळाचा झाला. या रस्त्याने मुंबईतील एखादी कंपनी महागड्या जागेस कंटाळून नाशिकला येईल, अशी आशा आहे. पण त्याच रस्त्याने नाशिकची उगवती कंपनी थोडी मोठी होताच मुंबईस जाईल, अशीही भीती आहे. रस्त्याला दोन दिशा असतात. कोणत्या दिशेला वाहतूक अधिक व्हावी हे शहराच्या वागणुकीवर ठरेल. परवान्यासाठी हेलपाटे घालावयास लावणारी महापालिका, भरवशाचे विमान नसलेला विमानतळ आणि तरुणांस थांबविण्यासारखे काही नसलेली संध्याकाळ, ही मुख्यालयाला आमंत्रण देण्याची रीत नव्हे. आमची सूचना साधी आहे. परक्या कंपनीसाठी पायघड्या घालण्याआधी, जे उद्योग येथे जन्मले व येथेच राहिले त्यांस विचारावे: तुम्हांस येथे टिकण्यासाठी काय हवे? त्यांच्या उत्तरांतून जी इमारत उभी राहील ती दहा मजल्यांची असली तरी आम्हांस पुरे आहे. चाळीस मजल्यांची झाली तर आनंदच.

६ मार्च २०१८ रोजी मध्यवर्ती बसस्थानकाच्या चौकातून हजारो शेतकरी पायी निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेस मुंबईत पोचले. त्यांच्या मागण्यांविषयी कोणाचे मत काहीही असो. त्यांचे रक्ताळलेले पाय साऱ्या देशाने पाहिले. ज्यांच्याकडे दाद मागावयाची ते नाशिकला नव्हते, म्हणून त्यांना चालावे लागले. मुख्यालय म्हणजे दाद मागण्याचे दार, याहून सोपी व्याख्या आम्हांस सुचत नाही. उद्या त्याच चौकाच्या आसपास एखादा मनोरा उभा राहिला, तर नाशिककरांनी त्याचे मजले मोजू नयेत. सातपूरच्या कामगाराने किंवा निफाडच्या शेतकऱ्याने खालचे दार ठोठावले असता आतून काय उत्तर येते, ते ऐकावे. ‘साहेब मुंबईस असतात’ असे उत्तर आले, तर तो मनोरा कितीही उंच असला तरी ते मुख्यालय नव्हे.