मापात घातलेली भेसळ

चाकणच्या कारखान्यांत टेस्टिंगला असलेल्या मुलांना घरी अम्मीने विचारले, दिवसभर काय केलेस, तर बहुधा उत्तर येते, बोर्ड फ्रीजमध्ये ठेवले आणि काढले. हा फ्रीज साधा नाही. त्यात पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरवतात, मग बोर्ड तापवतात, पुन्हा गोठवतात. पिंपरी-चिंचवडच्या थंडीला एक स्वेटर पुरतो, मग हा खटाटोप कशाला? कारण येथे बनलेली गाडी द्रास-कारगिललाही जाते, आणि तिथल्या थंडीत बोर्डावरच्या तिळाएवढ्या कपॅसिटरचा स्वभाव बदलू शकतो.

कपॅसिटरचे काम एवढेच: वीज साठवायची आणि लागेल तेव्हा सोडायची. आजच्या मोटारीत असे हजारो असतात. पुष्कळांच्या आत बेरियम टायटनेट या सिरॅमिकचे थर असतात. 120 अंशांच्या वर त्याच्या स्फटिकात टायटॅनियमचा अणू बरोबर मध्यावर असतो. त्याखाली तो किंचित एका बाजूला सरकतो आणि शेजारचेही त्याच बाजूला सरकतात, जमातीत सफ सरळ व्हावी तसे. अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. (नावात लोखंड आहे, पदार्थात असेलच असे नाही.) 5 अंशांजवळ सरकण्याची दिशा बदलते, उणे 90 जवळ पुन्हा बदलते. थंडीत खोबरेल थिजलेले दिसते, येथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण वीज साठवण्याची ताकद प्रत्येक वळणाशी उसळते आणि मग घसरते.

यावर उपाय विरजणासारखा आहे. बेरियमच्या जागी थोडे स्ट्रॉन्शियम घातले, की 120 अंशांचे वळण दर टक्क्याला साधारण 3-4 अंशांनी खाली येते. अशा भेसळीने ते खोलीच्या तापमानाजवळ आणले तर साठवण जबर मिळते, पण थंडी-उन्हात टिकत नाही. 'वाय-5-व्ही' जातीचे स्वस्त कपॅसिटर याच चालीचे. उणे 30 ते 85 अंशांत त्यांची क्षमता 82 टक्क्यांनी घटली तरी नियमात बसते. म्हणजे 10 मायक्रोफॅरॅडचा नग पावणेदोनच्या आसपास उतरला तरी पास! 'एक्स-7-आर' जातीला मात्र उणे 55 ते 125 अंशांत 15 टक्क्यांपलीकडे हलण्याची मुभा नाही. तिच्या कणाचा गाभा जवळपास शुद्ध ठेवून भेसळ सालीत मुरवतात, त्यामुळे वळण एका जागी न येता पसरते.

स्फटिकात पाहुणा अणू घालून आतली हालचाल ओळखणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, डॉ. वि. गो. भिडे, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. बेरियम टायटनेटमधील लोखंडाच्या अणूंकडून मिळणाऱ्या गॅमा किरणांच्या खुणा वाचणारा त्यांचा आणि एम. एस. मुलतानी यांचा निबंध 1965 साली 'फिजिकल रिव्ह्यू'त आला.

वेगळी भेसळ केलेले हेच सिरॅमिक घरच्या डासांच्या मशीनमध्येही असते. ठराविक तापमानाला त्याचा विद्युतरोध एकदम वाढतो, म्हणून ते रात्रभर चालूनही फार तापत नाही.

आता खरी अडचण. माल संपला की लहान शॉपमध्ये 'तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा' दुसरा नग लावला जातो. दिसायला दोन्ही सारखेच, आणि येथे बोर्ड चालतोही. फरक कळतो तो फक्त त्या थंड पेटीत; तेथे नाही कळला तर बर्फातल्या घाटात, गाडीत बायका-मुले असताना. तेव्हा तारीख गाठायची म्हणून चेंबरच्या फेऱ्या कमी करा, असे कुणी सांगितले, तर आपल्या मुलांनी तो हुकूम नम्रपणे, पण लेखी मागावा.