पत्ता सांगता येतो का?

आठवडाभर हिंजवडीत कोड लिहायचा आणि रविवारी सकाळी लोणावळ्यात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं, हा माझा दोन वर्षांचा क्रम. वर्गात चिक्कीच्या दुकानातला सेल्समन आहे, टॅक्सीवाले आहेत, बंगल्यांवर स्वयंपाक करणाऱ्या दोन खाला आहेत.

यंदा पावसाच्या तोंडावर मी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हणालो, “समजा, समोर एक मुलगा पाण्यात वाहून चाललाय. ११२ लागलाय. बोला.”

सगळे गप्प. एक खाला म्हणाल्या, “सर, मराठीतच सुचत नाही, इंग्रजीत काय बोलू?” मग मराठीत करून पाहिलं. “लवकर या, पोरगं बुडतंय!” “कुठे?” “धबधब्याजवळ.” पावसाळ्यात लोणावळ्यात पावलोपावली धबधबा. मदत पाठवायची कुठे?

तेव्हा माझी चूक लक्षात आली. मी ‘माय नेम इज’पासून सुरुवात करत होतो. संकटात नाव शेवटी लागतं. आधी ठिकाण आणि जवळची खूण, मग काय झालं, किती जण अडकलेत. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

३० जून २०२४ आपण विसरलेलो नाही. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात हडपसरचं एक कुटुंब अडकलं आणि एक महिला व चार मुलं गेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. खालच्या शिव्याही वाचल्या. पण डोंगरात वर पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढतं, पाणी गढूळ झालं किंवा आवाज वाढला की लगेच बाहेर पडायचं, हे शहरातल्या माणसाला आपण कधी शिकवलं होतं?

त्यानंतर वर्षाच्या आत, १५ जून २०२५ला, मावळातच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. म्हणजे नुसतं वाचता येणंही पुरत नाही. फलक दुसऱ्या कुणासाठी नाही, माझ्यासाठी आहे, हे सरावाने अंगवळणी पडावं लागतं. प्रशासनाची जबाबदारी त्याने संपत नाही; पण आपलीही सुरू होते.

कुणी म्हणेल, लोक नोकरीसाठी इंग्रजी शिकायला येतात, हे कशाला? मान्य. पण कारखान्याच्या दारावर ‘इमर्जन्सी एक्झिट’, टँकरवर ‘फ्लेमेबल’, औषधाच्या बाटलीवर ‘नॉट फॉर इंटर्नल यूज’ हे इंग्रजीतच असतं. परराज्यातला पर्यटक घाबरून ओरडतो तेही कधी इंग्रजीत. हे शब्द नोकरीचेही आहेत.

आणि इथे व्याकरण आडवं येत नाही. आमच्या टॅक्सीवाल्याने परवा सरावात सांगितलं, “भुशी डॅम, बॅक साइड, टू चाइल्ड इन वॉटर, कम फास्ट.” परीक्षेत मी गुण कापले असते. पण मदत बरोबर जागी पोहोचली असती.

आता दर रविवारी पहिली दहा मिनिटं याचीच. जोड्या करायच्या, एकाने फोन करायचा, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे. १०८ रुग्णवाहिकेचा. हवामान खात्याचा यलो, ऑरेंज, रेड अलर्ट म्हणजे काय, आणि रेड असेल तर सहल रद्द. पोहता येत असलं तरी प्रवाहात उडी नाही. दोरी, काठी, ओढणी काठावरून फेकायची.

तुमच्यातले बरेच जण शिकलेले आहेत, कुणी शिकवणी घेतं, कुणी मोहल्ल्यात वर्ग चालवतं. जुम्यानंतर मशिदीच्या हॉलमध्ये अर्धा तास मागून बघा. नाहीच जमलं, तर आज रात्री घरी अम्मीला एवढंच विचारा: आत्ता ११२ लावला, तर आपल्या घराचा पत्ता तू कसा सांगशील?