काशीदला जाताना रेवदंड्याला थांबावे, ते का?

१/ दिवाळीची सुट्टी जवळ आली की मुंबई-पुण्याच्या घरांत किनारा निवडण्याची चर्चा सुरू होते. निकष ठरलेले असतात : पांढरी वाळू, स्वच्छ पाणी, पुळणीला लागून हॉटेल. या निकषांवर काशीद जिंकते आणि काशीदला निघालेल्या मोटारी रेवदंड्याच्या तटाजवळून न थांबता पुढे जातात. ही निवड चुकीच्या मापाने केलेली आहे.

२/ मौजेसाठी किनारा ही कल्पनाच अलीकडची. समुद्रस्नान आरोग्यदायी मानण्याची टूम अठराव्या शतकातील इंग्लंडची. ब्रायटन त्यावरच मोठे झाले. कोकणात पुळण होती ती होड्या ओढायला आणि जाळी वाळवायला. घरे मागे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत. किनाऱ्याची किंमत ठरे ती खाडीवरून : गलबत आत येऊन सुरक्षित नांगरता येते की नाही?

३/ त्या मापाने कुंडलिकेच्या मुखावरील चौल पहिल्या पंक्तीचे. पहिल्या शतकातील ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये ते 'सेमिल्ला' म्हणून येते, अरबांच्या लेखनात 'सैमूर' म्हणून. दहाव्या शतकात येथे आलेल्या अल-मसूदीने दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्ती नोंदवली आहे. राज्य शिलाहारांचे होते, हे विसरू नये.

४/ १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेच उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या जवळजवळ तीन दशके आधीची ही गोष्ट. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. ते पाहणारे पर्यटक किती, हा प्रश्न न विचारलेला बरा.

५/ १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या मामलुकांच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. त्याचा सूड पुढच्या वर्षी दीवला घेतला गेला. त्यानंतर पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला.

६/ राज्य गेले, भाषा राहिली. खाडीपलीकडच्या कोर्लईत एक छोटा ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली बोली बोलतो. तिचे नाव 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा'. १७४० नंतर पोर्तुगालशी राजकीय नाते उरले नसताना ती पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ घराघरांतून टिकली. अभिलेखागारातला कोणताही दस्तऐवज तिची बरोबरी करणार नाही.

७/ आक्षेप रास्त आहेत. रेवदंड्याची वाळू काळसर आहे; छायाचित्रात खुलत नाही. खाडीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते, तेथे पोहू नये. लहान मुलांना पाण्यात खेळवणे एवढाच हेतू असेल, तर दुसरा किनारा पाहावा.

८/ पण पर्यटकाचा पैसा जेथे पडतो, तेथलेच जपले जाते. तटाच्या चिऱ्यांत झाडांची मुळे शिरत आहेत. गावात चार घरगुती खाणावळी त्या तटामुळे चालू लागल्या, तर तो राखण्याचे कारण गावालाच मिळेल. पुरातत्त्व खात्याच्या फलकाने ते साधत नाही.

९/ मुक्काम काशीदला केला तरी चालेल. जाताना अर्धा दिवस काढावा : ओहोटीच्या वेळी रेवदंड्याचा तट समुद्राच्या बाजूने पाहावा, मग पूल ओलांडून कोर्लईच्या दीपगृहाशी यावे आणि तेथून गडावर चढावे. गलबते ज्या मुखातून आत शिरत, ते वरून एका नजरेत दिसते.