न दिसणारा स्कोअर

मे महिन्याची रात्र, कूलरची घरघर, कानाला हेडफोन आणि स्क्रीनवर अंधार. अशा वेळी आईनं मागून नुसतं ‘झोप आता’ म्हटलं तरी खुर्चीतून उडायला होतं! हॉरर शूटर खेळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. पण भीती ओसरल्यावर काय उरतं? त्यासाठी दोन जुने गेम शेजारी ठेवून बघा.

पहिला ‘बायोशॉक’, २००७ चा. अटलांटिकच्या तळाशी अँड्र्यू रायन या धनाढ्यानं वसवलेलं रॅप्चर शहर. ज्यानं त्यानं फक्त स्वतःचं बघावं, हे तिथलं तत्त्व. १९६० साली आपण पोचतो तेव्हा त्या शहराची पार वाट लागलेली असते. तिथं ‘लिटल सिस्टर्स’ भेटतात. या लहान मुलींच्या शरीरात ‘ॲडम’ नावाचं द्रव्य असतं, आणि त्यावरच आपली ताकद वाढते. मुलीचा जीव घेतला तर जास्त ॲडम, तिला वाचवलं तर कमी. दोन बटणं समोर असतात. काय निवडताय, हे गेम स्पष्ट विचारतो. वाचवत राहिलात, तर पुढे भेटी येतात आणि बरीचशी भरपाईही होते.

दुसरा ‘मेट्रो २०३३’. दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या कादंबरीवर युक्रेनच्या फोर-ए गेम्सनं २०१० मध्ये आणला. अणुयुद्धानंतर मॉस्कोची माणसं भुयारी मेट्रोच्या स्टेशनांत राहतात. (आपली नागपूरची मेट्रो डोक्यावरून धावते, म्हणजे आपल्याला तोही आसरा नाही!) तिथं नोटा नाहीत, युद्धाआधीच्या चांगल्या गोळ्या हेच चलन. राक्षसावर ती गोळी झाडली की खिशातले पैसेच उडाले समजा.

आणि इथं कोणी काही विचारत नाही. भिकाऱ्याला एक गोळी दिली, हरवलेलं पोर आईकडे पोचवून बक्षीस नाकारलं, घाई न करता लोकांचं बोलणं ऐकत थांबलात, तर स्क्रीन क्षणभर उजळते. बस. पण आत हिशोब चालू असतो. शेवटी वेगळा मार्ग खुला होणार की नाही, हे त्यावरच ठरतं. घाईत धावणाऱ्याला असा मार्ग होता, हेही कळत नाही.

गोष्ट म्हणून ‘बायोशॉक’ सरस. रॅप्चरसारखं शहर पुन्हा क्वचितच कुणाला जमलं. पण मनात जास्त टोचतो ‘मेट्रो’च. कारण आपलं कॉलेजजीवन बायोशॉकसारखं झालंय. सर्टिफिकेट असेल तर श्रमदान, हजेरी लागणार असेल तर व्याख्यान, फोटो निघणार असेल तर रक्तदान. बटण दिसलं की आपण चांगलेच वागतो, भाऊ! पण रूममेट तीन दिवस मेसला आला नाही, हे किती जणांच्या लक्षात येतं? त्याच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं बसायचे मार्क कुठे मिळतात?

एक धोका मात्र आहे. ‘मेट्रो’तल्या चांगल्या कामांची यादी यूट्यूबवर बघून खेळलात, तर तीसुद्धा इंटर्नल मार्कांसारखीच होऊन जाते. म्हणून पहिल्यांदा यादी न बघता खेळा. शेवट वाईट झाला तर होऊ द्या. आपण कुठे कुठे न थांबता पुढे निघून गेलो, ते तरी कळेल.

आणि हो, खेळायला बसण्याआधी शेजारच्या खोलीचं दार एकदा वाजवून या.