‘मी देह नाही’ म्हणून बीपीची गोळी बंद?

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक तपासायला आले. बीपी १९०/११०. चार वर्षं नियमित चालू असलेली गोळी तीन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच बंद केली होती. कारण विचारलं तर हसून म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, मी म्हंजे हे शरीर नाहीच, मंग गोयी कोणाले?’’

मला हसू आलं नाही. वाशीममध्ये हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो.

मोबाईलवर दहा मिनिटं प्रवचन ऐकायचं, डोळे मिटून ‘मी देह नाही’ घोकायचं आणि त्याला ज्ञानयोग म्हणायचं, ही ज्ञानयोगाची थट्टा आहे. वेदान्तात या मार्गाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन, निदिध्यासन. म्हणजे ऐकणं, शंका काढून त्यावर विचार करणं आणि पटलेल्यात मन मुरवणं. मधली पायरी आपण सरळ गाळतो. त्याआधी विवेक आणि वैराग्याची तयारी लागते, तीही विसरतो. गोळीचा कंटाळा येणं म्हणजे वैराग्य नव्हे.

या ध्यानात श्वास, दुखणं, राग, विचार यांच्याकडे साक्षी म्हणून पाहायचं असतं: हे मला दिसतंय, म्हणजे मी यांना पाहणारा. मग त्या साक्षीने बीपीचा आकडाही पाहायला नको का? आणि चहा, जेवण, चष्मा सगळं चालू असताना ‘मी देह नाही’ हे फक्त गोळीपुरतंच का आठवतं?

‘मी कोण?’ हा विचार सांगणाऱ्या रमण महर्षींच्या डाव्या हातावर कर्करोगाची गाठ निघाली. त्यांच्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. १९५० मध्ये ते गेले, पण त्यांनी डॉक्टरांना दारातून परत पाठवलं नाही. आपले मुंबईचे निसर्गदत्त महाराज विड्यांचं दुकान चालवत आणि स्वतःही विडी ओढत. १९८१ मध्ये घशाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदरच आहे. पण देहाचे नियम ज्ञानी माणसाच्या देहालाही लागू असतात.

ध्यान निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. नियमित ध्यानाने मन शांत होतं, झोप सुधारते, बीपी थोडा उतरू शकतो. पण १९० वरचा बीपी केवळ तेवढ्याने आटोक्यात येत नाही. वाढलेला बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही, म्हणून ‘मला छान वाटतंय’ हा पुरावा नव्हे. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर बीपी उलट उसळतो. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच जीवावर बेततं.

दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून ‘आयुष्यभर घ्या’ म्हणतो, का ते सांगत नाही. मग ज्याच्याकडे बोलायला वेळ आहे, त्याचं रुग्ण ऐकतो.

त्या गुरुजींशी त्या दिवशी अर्धा तास बोललो. ध्यान बंद करा, असं सांगितलं नाही. सकाळी ध्यानाला बसायचं, उठल्यावर बीपी मोजून वहीत लिहायचा, मग गोळी घ्यायची, असं ठरलं. परवा वही घेऊन आले होते. शेवटचा आकडा होता १३६/८४.

तुम्हीही ध्यान जरूर करा. फक्त औषध बदलायचं किंवा थांबवायचं असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा.